समुद्राचा हिशेब आणि घाटाखालचा पाऊस

वडनेर भोलजीच्या शिवारावर पडणारा पाऊस दोन समुद्रांवरून येतो. मलकापूर आणि नांदुरा यांच्या मध्ये, मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेले हे गाव अरबी समुद्रापासून सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर आत आहे. बंगालचा उपसागर तिथून सातशेहून अधिक किलोमीटरवर. एवढ्या लांबच्या पाण्यावर जूनमधली पेरणी, ऑगस्टमधली उघाड आणि ऐन कापूस फुटताना येणारी झड अवलंबून असते. समुद्र आणि वातावरण यांचे गणित एकत्र मांडून या पावसाचा अंदाज बांधण्याचा उद्योग गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतला आहे. त्यामागची धडपड मात्र दीडशे वर्षांची आहे आणि तिच्यातला मोठा भाग महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात घडलेला आहे.

वडनेर ज्या बुलढाणा जिल्ह्यात येते, तिथले लोक जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा, उत्तरेला सातपुडा आणि दोहोंच्या मध्ये पूर्णेचे सपाट खोरे. वडनेरच्या बाजूला या खोऱ्याची रुंदी पन्नास-साठ किलोमीटर भरते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या सगळ्या इतिहासात तो मोजपट्टीसारखा उपयोगी पडतो. जमीन काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. पिके कापूस, सोयाबीन, तूर, मका, ज्वारी. पूर्णेच्या काठचा बराच भाग खारपाण पट्ट्यात येतो. तिथे विहिरीचे पाणी खारे असल्याने ते पिकाला देता येत नाही, आणि म्हणून आभाळाच्या पाण्याला पर्याय उरत नाही.

जिल्ह्यात वर्षाला साधारण 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अरबी समुद्रावरून येणारे वारे आपली बरीचशी ओल सह्याद्रीवरच रिकामी करतात. विदर्भाला जोराचा पाऊस मिळतो तो प्रामुख्याने बंगालच्या उपसागरात तयार होऊन ओडिशा आणि छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. अशी क्षेत्रे किती तयार होतील आणि कोणत्या वाटेने जातील, यावर हंगाम ठरतो. वाट थोडी उत्तरेला सरकली तर मध्य प्रदेशात पूर येतो आणि घाटाखाली शेतकरी ढगांकडे पाहत राहतो.

या अनिश्चिततेला तोंड देण्याची स्थानिक रीत जुनी आहे. पंचांगातली नक्षत्रे आणि त्यांची वाहने होतीच. पूर्णेपलीकडच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावात अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली असे मानले जाते, आणि आजही त्यांचे वंशज ती मांडतात. शेतात वर्तुळ आखून त्यात अठरा धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर. ही घागर समुद्राची खूण मानली जाते. रात्रभर घट तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळे किती भिजली, धान्य कसे हलले हे पाहून पावसाचे आणि पिकांचे भाकीत जाहीर होते. त्याला शास्त्रीय आधार नाही, आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांनी ते वारंवार सांगितले आहे. तरी भाकीत ऐकायला वऱ्हाडातून आणि खानदेशातून माणसे येतात. पेरणीआधी महिनाभर काहीतरी कळावे ही गरज किती खरी आणि किती जुनी आहे, याचा हा पुरावा आहे. शास्त्राला उत्तर द्यायचे आहे ते याच गरजेला.

सरकारी अंदाजांची सुरुवात दुष्काळातून झाली. भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पाठोपाठ 1876 ते 1878 या काळात दख्खन आणि दक्षिण भारत भीषण दुष्काळाने पोळून निघाला. इंग्रज सरकारला शेतसाऱ्याची आणि कापसाची काळजी होती. वऱ्हाड तर कापसाचा प्रदेश. मलकापूर-नांदुऱ्यावरून जाणारी रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली होती आणि 1870 मध्ये खामगावच्या बाजारासाठी जलंबपासून स्वतंत्र फाटा टाकला गेला होता. पाऊस चुकला की या साऱ्या व्यवस्थेचा पाया हलत असे. हिमालयावर हिवाळ्यात आणि वसंतात जास्त बर्फ पडले तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो, असे ब्लॅनफर्ड यांना आढळले. त्या आधारावर काही वर्षे चाचणीचे अंदाज काढल्यावर 1886 पासून नियमित अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. त्यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातली हवा वगैरे आणखी गोष्टी हिशेबात घेतल्या, पण 1899 च्या पावसाने दगा दिला आणि तो अंदाजात आला नव्हता. वऱ्हाडात त्या वर्षाला आजही छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, विक्रम संवत 1956 वरून.

गिल्बर्ट वॉकर हे 1904 मध्ये खात्याचे प्रमुख झाले. ते केंब्रिजचे गणिती होते, हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. जगभरच्या केंद्रांतले हवेचे दाब, तापमाने आणि पाऊस यांच्या नोंदी जमवून कोणत्या गोष्टीचा कोणत्या गोष्टीशी संबंध लागतो हे त्यांनी आकड्यांनी तपासले. 1920 च्या दशकात त्यांनी प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका दाखवून दिला. एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला तो घटतो, आणि भारतातला पाऊस या झोक्याशी बांधलेला असतो. हा झोका आणि प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापवणारा एल निनो ही एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत, हे याकोब ब्यर्कनेस यांनी 1960 च्या दशकात उलगडले. वॉकर यांच्या हाती समुद्राच्या तापमानाच्या नोंदी अगदी तुटपुंज्या होत्या. हवेच्या दाबात त्यांना समुद्राची सावली दिसली होती, समुद्र दिसला नव्हता.

खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. 1932 मध्ये तिथे एल. ए. रामदास यांच्या हाताखाली कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि 1945 पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाच्या बातम्या जाऊ लागल्या. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण पुण्यातले काम चालू राहिले. 1962 च्या नोव्हेंबरात इथेच उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था उभी राहिली. 1971 मध्ये ती स्वायत्त झाली आणि पुढे पाषाणला स्थिरावलेली आयआयटीएम ती हीच.

तोवर जगात अंदाजाची पद्धतच बदलू लागली होती. वॉकर यांची पद्धत जुन्या नोंदींतले संबंध शोधण्याची होती. नवी पद्धत हवेच्या हालचालीची भौतिक समीकरणे संगणकावर सोडवण्याची. पृथ्वीवर कल्पनेने जाळी टाकायची, जाळीच्या प्रत्येक चौकोनात आणि त्यावरच्या हवेच्या थरांत आत्ताचे तापमान, दाब, वारा, ओल भरायची आणि काही मिनिटांनंतर काय होईल ते काढायचे. मग त्यावरून पुढच्या काही मिनिटांचे. असे पाऊल टाकत पुढचे दिवस, महिने, वर्षे गाठायची. 1950 मध्ये ज्यूल चार्नी आणि सहकाऱ्यांनी एनिॲक या संगणकावर पहिला असा अंदाज काढला. समीकरणांच्या सुरुवातीच्या या संचांत, म्हणजे मॉडेलांत, समुद्र म्हणजे नुसती जमिनीसारखी स्थिर तळपट्टी होती. तिचे तापमान आधीच ठरवून दिलेले असे आणि वर कितीही वादळे झाली तरी ते बदलत नसे.

अमेरिकेत प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी 1969 मध्ये वातावरणाचे एक मॉडेल आणि समुद्राचे एक मॉडेल एकमेकांना जोडले. वरचे मॉडेल खालच्याला वाऱ्याचा रेटा, उन्हाची उष्णता आणि पावसाचे गोडे पाणी देते. खालचे मॉडेल त्यावरून प्रवाह आणि तापमान काढते आणि पृष्ठभागाचे तापमान वरच्याला परत देते. ठरावीक वेळाने ही देवघेव होत राहते. मानाबे यांना 2021 मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. ब्रायन यांच्या समुद्राच्या मॉडेलाचे वंशज पुढे जगभर पसरले. पुण्यात आज मोसमी अंदाजासाठी जे समुद्राचे मॉडेल चालते तेही त्याच कुळातले आहे.

मोसमी पावसाला या देवघेवीची गरज इतर प्रदेशांपेक्षा अधिक का, हे समजायला आणखी काही वर्षे आणि प्रत्यक्ष समुद्रावरची मोजमापे लागली. 1960 च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने मुंबईत कुलाब्याला एक आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडले आणि जहाजांच्या व विमानांच्या नोंदी तिथे एकत्र केल्या गेल्या. 1979 मध्ये मोसमी वाऱ्यांच्या अभ्यासाची मोनेक्स ही मोठी मोहीम झाली. पण त्या काळातले सर्वात महत्त्वाचे पाऊल उपग्रहाच्या चित्रांवरून पडले. आयआयटीएमचे डी. आर. सिक्का आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुलोचना गाडगीळ यांनी 1980 मध्ये दाखवले की विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर ढगांचा पट्टा तयार होतो, तो उत्तरेकडे सरकत भारताच्या भूमीवर येतो, आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हे पुन्हा घडते. घाटाखालच्या शेतकऱ्याला झड आणि खंड म्हणून जे अनुभवाला येते, त्याचे मूळ या सरकत्या पट्ट्यात आहे.

सुलोचना गाडगीळ पुण्याच्या. हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन त्या भारतात परतल्या, काही काळ पुण्याच्याच संस्थेत होत्या आणि मग बंगळूरला गेल्या. 1984 मध्ये त्यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर ‘नेचर’ या नियतकालिकात मोसमी प्रदेशातल्या समुद्र-वातावरणाच्या नात्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 28 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर मोठे ढगसमूह क्वचितच उभे राहतात. तो उंबरठा ओलांडला की त्यांची शक्यता झपाट्याने वाढते. मात्र एकदा उंबरठ्यापलीकडे गेल्यावर केवळ तापमान पाहून ढग किती येतील हे सांगता येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राचा मोठा भाग या उंबरठ्याच्या वरच असतो. म्हणजे गरम पाणी ही पावसाची पहिली अट झाली, हमी नव्हे. या निष्कर्षाला मिळायला हवे तेवढे महत्त्व मॉडेल बनवणाऱ्यांनी बराच काळ दिले नाही. गाडगीळ यांच्या कामाचे दुसरे वैशिष्ट्य असे की आंध्रातल्या अनंतपूर भागातल्या कोरडवाहू भुईमुगाच्या शेतकऱ्यांचे प्रश्न त्यांनी संशोधनात आणले. पेरणी कोणत्या आठवड्यात केली तर जोखीम कमी, असा तो सरळ प्रश्न होता. 2025 च्या जुलैत त्यांचे निधन झाले.

गाडगीळ यांच्या या कामाच्याच सुमारास, 1981 मध्ये, चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी मोसमी पावसाच्या अंदाजाला सैद्धांतिक आधार दिला. शुक्ला हेही एके काळी पुण्याच्या संस्थेत काम केलेले. रोजचे हवामान काही दिवसांपलीकडे सांगता येत नाही, पण उष्ण कटिबंधात हंगामाची सरासरी ही समुद्राचे तापमान आणि जमिनीची ओल अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींनी बांधलेली असते, म्हणून तिचा अंदाज तत्त्वतः शक्य आहे, असे त्यांनी मांडले. उमेद वाढली. मोठा संगणक मात्र भारताकडे नव्हता.

1987 च्या दुष्काळानंतर हालचाल वेगवान झाली. 1988 मध्ये दिल्लीत मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र निघाले आणि त्यासाठी अमेरिकेकडून क्रे संगणक आला. त्याच वर्षी पुण्यात महासंगणक बनवण्यासाठी सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली. तिचे नेतृत्व विजय भटकर यांच्याकडे होते. ते वऱ्हाडचेच, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. 1991 मध्ये सी-डॅकने परम 8000 हा महासंगणक तयार केला. भारताच्या महासंगणकांची गरज आरंभापासून हवामानाशी बांधलेली होती, आणि ती भागवणाऱ्यांत कोरडवाहू पट्ट्यातून आलेला माणूस पुढे होता, हे नोंदवण्यासारखे आहे.

संगणक येत असतानाही हंगामाचा अधिकृत अंदाज वॉकर यांच्या पद्धतीनेच निघत होता, फक्त अधिक सुधारून. 1988 मध्ये शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा निकषांचे सूत्र तयार केले. त्यात हिमालयावरचे बर्फ, एल निनो, निरनिराळ्या ठिकाणची तापमाने आणि दाब होते. चौदा वर्षे या सूत्राचे अंदाज ढोबळमानाने जुळत गेले आणि गोवारीकर मॉडेल हे शब्द महाराष्ट्रात घरोघर माहीत झाले. मग 2002 साल आले. अंदाज सरासरीच्या 101 टक्क्यांचा होता. देशात हंगामाचा पाऊस 19 टक्के कमी पडला आणि पेरणीनंतरच्या जुलै महिन्यात तर तो जवळजवळ निम्म्यावर आला. जुन्या नोंदींतून काढलेले संबंध कायम टिकत नाहीत हे उघड झाले. खात्याने 2003 पासून नवी सूत्रे आणली, तरी 2009 मध्ये पाऊस 22 टक्क्यांनी घटला आणि तोही अंदाजात नव्हता.

भौतिक समीकरणांची मॉडेलेही त्या काळात मोसमी पावसापुढे कमी पडत होती, आणि का पडत होती याचे उत्तर 2005 च्या सुमारास स्पष्ट झाले. बिन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की समुद्राचे तापमान आधी देऊन वातावरणाचे एकटे मॉडेल चालवले तर ते गरम पाण्यावर पाऊस पाडतच राहते. निसर्गात उलटे घडते. ढगांचा मोठा समूह उभा राहिला की ऊन अडते, वारा पाणी घुसळतो, खालचे गार पाणी वर येते आणि पृष्ठभाग एखाद्या आठवड्यात निवतो. मग ढग पांगतात, ऊन पडते आणि पाणी पुन्हा तापते. मोसमी समुद्रांवर जास्त पाऊस बहुधा निवणाऱ्या पाण्याबरोबर येतो. स्थिर तळपट्टीच्या मॉडेलाला ही फेरी माहीतच नसते, त्यामुळे ते समुद्रावर भलताच पाऊस पाडते आणि जमिनीवरच्या पावसाचा क्रम बिघडतो. 1984 च्या निबंधात जी गोष्ट निरीक्षणातून आली होती, ती आता मॉडेलांच्या चुकीतून सिद्ध झाली. 1999 च्या पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर भारतीय शास्त्रज्ञांनी केलेल्या बॉबमेक्स मोहिमेतही पाण्याची ही उष्णता-थंडी जहाजांवरून मोजली गेली होती. त्याच वर्षी साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम टोकांतल्या तापमानाचा झोकाही ओळखून दाखवला होता. समुद्र हा आता अंदाजाचा नुसता एक निकष राहिला नाही. तो मॉडेलाच्या आत आला.

दोन समुद्रांची प्रकृती वेगळी असल्याने जाळी बारीक करण्याचा प्रश्नही इथे पुढे आला. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे आणि पावसाचे गोडे पाणी वर तरंगते. हा हलका थर पातळ असतो, खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून पटकन तापतो आणि कमी दाबाच्या क्षेत्रांना पुन्हा पुन्हा खाद्य पुरवतो. अरबी समुद्रात सोमालियाच्या किनाऱ्यालगत जोरदार मोसमी वारा खालचे गार पाणी वर खेचतो आणि समुद्राचा पश्चिम भाग निववतो. यांतले अनेक प्रवाह आणि भोवरे शंभर किलोमीटरहूनही अरुंद असतात. शंभर-दोनशे किलोमीटरच्या चौकोनात ते मावत नाहीत, पुसले जातात.

जमिनीवरही तेच. दोनशे किलोमीटरच्या एका चौकोनात सातपुडा, पूर्णेचे खोरे आणि अजिंठ्याचा कडा या तिन्हींची मिळून एकच सरासरी उंची होते. घाटावर आणि घाटाखाली असा भेदच तिथे उरत नाही. पन्नास किलोमीटरच्या जाळीत खोऱ्याच्या रुंदीला जेमतेम एक चौकोन मिळतो. बारा किलोमीटरच्या जाळीत चार-पाच आणि सहाच्या जाळीत आठ-दहा. पण जाळीचे अंतर निम्मे केले की चौकोन चौपट होतात, आणि वेळेची पावलेही निम्मी करावी लागल्याने एकूण आकडेमोड आठपट होते. सगळ्या पृथ्वीसाठी हे परवडत नाही. म्हणून एक प्रदेश निवडून त्याच्यापुरती बारीक जाळी टाकायची आणि प्रदेशाच्या सीमेवरून आत येणारी हवा जगाच्या ढोबळ मॉडेलातून घ्यायची, अशी युक्ती निघाली. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या शेवटी रॉबर्ट डिकिन्सन आणि फिलिपो जोर्जी यांनी असे प्रादेशिक मॉडेल उभे केले. तेच पुढे रेगसीएम म्हणून ओळखले गेले.

पुण्यात या पद्धतीचा उपयोग भविष्यातल्या हवामानासाठी झाला. आयआयटीएममधल्या के. रूपा कुमार आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या हॅडली केंद्राचे प्रेसिस हे प्रादेशिक मॉडेल भारतासाठी 50 किलोमीटरच्या जाळीवर चालवले आणि एकविसाव्या शतकातील हवामानाची चित्रे 2006 मध्ये प्रसिद्ध केली. सह्याद्रीवरचा पाऊस आणि त्याच्या पलीकडची पर्जन्यछाया त्यात आधीच्या ढोबळ मॉडेलांपेक्षा ठळक उमटली. समुद्र मात्र अजून ठरवून दिलेलाच होता.

प्रदेशाच्या मॉडेलाला समुद्र जोडण्याचे काम त्यानंतरचे. जे. व्ही. रत्नम, जोर्जी, पुण्याच्या सी-डॅकमधल्या अक्षरा कागीनलकर आणि स्टेफानो कोझिनी यांनी रेगसीएमला रॉम्स हे समुद्राचे मॉडेल जोडून भारतीय मोसमी पावसावर चालवले आणि निष्कर्ष 2009 मध्ये मांडले. जोडणीनंतर पावसाची, विशेषतः समुद्रावरच्या पावसाची मांडणी वास्तवाच्या जवळ आली आणि ढगांच्या पट्ट्याचे उत्तरेकडे सरकणेही सुधारले. उणीव होती ती पाण्याच्या तापमानात, मॉडेलातला समुद्र खऱ्यापेक्षा काहीसा गार राहत होता. सी-डॅकच्या गटाने पुढे डब्ल्यूआरएफ हे वातावरणाचे मॉडेल आणि रॉम्स यांची जोडणीही तपासली आणि तिचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. या कामांची दखल मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचली नाही. पण घाटाखालचा पाऊस दोन समुद्रांसह एकाच बारीक जाळीत मांडण्याचे सुरुवातीचे काही प्रयत्न हे होते, आणि त्यांत पुण्यातल्या संशोधकांचा वाटा होता.

रोजच्या उपयोगाची गाडी मात्र जागतिक जोड मॉडेलाच्या रुळावर गेली. भूविज्ञान मंत्रालयाने 2012 मध्ये मान्सून मिशन सुरू केले आणि त्याची सूत्रे आयआयटीएमकडे दिली. अमेरिकेच्या हवामान केंद्राचे सीएफएस हे जोड मॉडेल पाया म्हणून घेतले गेले. मुळात वातावरणाची जाळी सुमारे शंभर किलोमीटरची होती, ती पुण्यात 38 किलोमीटरपर्यंत आणली गेली. हे मॉडेल भारताच्या जमिनीवर पाऊस कमी पाडत असे आणि अरबी समुद्राचे पाणी वाजवीपेक्षा गार ठेवत असे. ढग बनण्याची, बर्फाची, समुद्राच्या घुसळणीची समीकरणे एकेक करून तपासली गेली. 2017 मध्ये हवामान खात्याने हंगामाच्या अंदाजात हे जोड मॉडेल वापरायला घेतले. त्याच्याच आधारावर दोन ते चार आठवड्यांचे अंदाजही निघू लागले, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच या साऱ्या कामातली सर्वात मोलाची प्राप्ती आहे. हंगाम सरासरीच्या किती टक्के जाईल हे कळून वडनेरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणीचा दिवस ठरवता येत नाही. पुढचे पंधरा दिवस खंड पडण्याची शक्यता किती, हे कळले तर महागडे बियाणे आणि दुबार पेरणीचा खर्च वाचू शकतो.

दीर्घकाळाच्या बदलासाठी आयआयटीएममध्ये 2009 मध्ये हवामान बदल संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याने सीएफएसच्या पायावर पृथ्वीप्रणालीचे मॉडेल उभारले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल मंडळाच्या सहाव्या अहवालासाठी जगभरची मॉडेले एकत्र तपासली गेली तेव्हा भारतातून त्यात उतरलेले ते पहिले मॉडेल ठरले. दक्षिण आशियासाठी रेगसीएमच्या 50 किलोमीटरच्या जाळीवरची भविष्यचित्रेही या केंद्राने तयार केली. 2020 मध्ये आर. कृष्णन आणि सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या राष्ट्रीय अहवालात त्याची गोळाबेरीज आली. 1951 ते 2015 या काळात उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराचे पाणी सुमारे एक अंशाने तापले. त्याच काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. आणि मध्य भारतात एका दिवसात 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना 1950 नंतर सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. पावसाचे दिवस कमी, पण पडला की धो-धो, ही घाटाखालची तक्रार आणि हे आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात.

संगणकांची ताकद या काळात झपाट्याने वाढली. पाषाणला 2018 मध्ये प्रत्यूष हा 4 पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक सुरू झाला, 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉपचा अर्क आला. काही दिवसांच्या अंदाजाची जाळी 12 किलोमीटरवर आणि मे 2025 मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीमबरोबर 6 किलोमीटरवर पोहोचली. ही सहा किलोमीटरची जाळी मुख्यतः वातावरणाची आहे. समुद्राशी पूर्ण देवघेव करणारी हंगामी मॉडेले अजून तिच्यापेक्षा कितीतरी ढोबळ आहेत.

दुसऱ्या बाजूला जमिनीवरची मोजणी बारीक होत गेली. महावेध योजनेतून 2017 पासून महाराष्ट्राच्या महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. 2018 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बुलढाण्यासह पंधरा जिल्हे आणि पूर्णा खोऱ्यातली 932 खारपाण गावे घेतली गेली, ती हवामान बदलाशी जुळवून घेणारी शेती उभी करण्यासाठी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून पावसाच्या अंदाजाला पिकाच्या सल्ल्याची जोड मिळते. पेरणी थांबवा, फवारणी पुढे ढकला, साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवा, असे ते सल्ले असतात.

महाराष्ट्र सरकार अतिवृष्टी ठरवते ती महसूल मंडळाच्या पातळीवर, एका दिवसात 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर. मंडळ म्हणजे एखाद्या मोठ्या गावाभोवतीची थोडी गावे, दहा-पंधरा किलोमीटरचा मुलूख. हंगामाचा अंदाज देणाऱ्या 38 किलोमीटरच्या एका चौकोनात अशी कितीतरी मंडळे बसतात, आणि 50 किलोमीटरच्या भविष्यचित्रांत तर घाटाखालचे संपूर्ण खोरे एकदोन चौकोनांत संपते. पंचनामा, भरपाई, पेरणीचा निर्णय हे सारे मंडळाच्या मापाचे आहे. त्या मापाच्या जाळीवर अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि त्यांवरची हवा एकत्र चालवणे, आणि तेही एकदा नव्हे तर किंचित वेगळ्या सुरुवाती देऊन अनेकदा, म्हणजे शक्यतेची टक्केवारी सांगता येईल, हे काम सध्या जगातल्या थोड्या केंद्रांत चालू आहे आणि पुणे त्यांपैकी एक आहे.